इंजिनवरच्या पंपाचे सील आणि कपलिंग पुन्हा बसवताना

डिचोली, पाळी, उसगाव आणि सांगे या पट्ट्यातील लोहखनिजाचे खड्डे भूजलपातळीच्या खाली उतरलेले आहेत, आणि गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यामुळे खड्ड्याच्या तळाशी बसवलेल्या डिझेल इंजिनवरच्या पंपाची खरी परीक्षा जूनमध्ये सुरू होते आणि चतुर्थी उलटून गेल्यावरही काही दिवस चालते. हे पाणी स्वच्छ नसते. त्यात तांबडी माती आणि खनिजाची बारीक पूड तरंगत असते, आणि ती पूड सीलच्या (शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या भागाच्या) चकत्यांमध्ये शिरली की पॉलिश पेपरासारखे काम करते. पंप उघडायचा, सील बदलायचे आणि कपलिंग जोडून पुन्हा उभा करायचा, हे काम म्हणूनच पावसाळा तोंडावर आला की हमखास निघते, आणि घाईत केलेले हेच काम जुलैच्या मध्यावर परत अंगावर येते.

येथे पुढे जे लिहिले आहे ते आडव्या सेंट्रिफ्युगल पंपाविषयी आहे, ज्याला एका बाजूने इंजिन लवचिक कपलिंगने, म्हणजे दोन शाफ्ट जोडणाऱ्या रबरी जोडाने, जोडलेले असते. वेर्णा किंवा कुंडई येथील कारखान्यांत अग्निशमनासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतात. प्रत्येक पंपासोबत बनवणाऱ्या कंपनीचे पुस्तक येते आणि त्यातील आकडा येथील आकड्यापेक्षा वेगळा असेल, तर पुस्तकातील आकडाच धरावा.

सील गळू लागले की सील बदलण्याची आपली सवय आहे. सील स्वतःहून क्वचितच बिघडते. वाकलेला शाफ्ट, सैल बेअरिंग, तिरपे बसलेले झाकण किंवा रेषेत नसलेले इंजिन यांचा भार शेवटी सीलवर येतो आणि तेच आधी हार मानते. काही वर्षांपूर्वी डिचोलीजवळच्या एका खड्ड्यावर एकाच पावसाळ्यात आम्ही तीन मेकॅनिकल सील (एक स्थिर आणि एक फिरती चकती स्प्रिंगने एकमेकींवर दाबून पाणी अडवणारी सील) बदलले. चौथ्या वेळी कोणीतरी शाफ्टवर डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारे मापयंत्र) लावला, तेव्हा सीलच्या जागी शाफ्ट ०.१८ मिलिमीटर डोलत असल्याचे दिसले. आधीच्या उन्हाळ्यात कपलिंगचा हब (शाफ्टवर बसणारा अर्धा भाग) घणाने ठोकून बसवला होता, आणि त्या वेळी घण धरणाऱ्यांत मीही होतो. तेव्हापासून मी नवे सील पिशवीतून काढण्याआधी डायल गेज काढतो.

पंपाला हात लावण्यापूर्वी

इलेक्ट्रिक मोटरचा फ्यूज काढला की काम सुरक्षित होते. इंजिनचे तसे नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढावी, स्विचची किल्ली खिशात ठेवावी, इंधनाचा कॉक बंद करावा आणि स्टार्टर हवेवर चालणारा असेल तर हवेची लाइन बंद करून तिच्यातील दाब सोडून द्यावा. नियंत्रण पॅनलवर आपोआप सुरू होण्याची सोय असेल, आणि अग्निशमन पंपांवर ती असतेच, तर ते पॅनल हाताने चालवण्याच्या स्थितीत आणून त्यावर कुलूप आणि नावाची पाटी लावावी.

दुसरा धोका पाण्याच्या बाजूने येतो आणि तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खड्ड्यातून पन्नास-साठ मीटर वर चढणाऱ्या पाइपात पाण्याचा स्तंभ उभा असतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये खडा अडकला असेल, तर ते पाणी उलट येऊन पंपाला उलटे फिरवू शकते. कपलिंग सुटलेले असताना असा शाफ्ट अचानक फिरला तर बोटे जातात. म्हणून डिलिव्हरी आणि सक्शन दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून पंपाच्या पोटातील पाणी ड्रेन प्लगमधून पूर्ण काढून टाकावे, आणि प्लग उघडाच ठेवून काम करावे. पाणी थेंब थेंब येतच राहिले, तर कोणता तरी व्हॉल्व्ह धरत नाही असे समजावे.

सोडताना प्रत्येक जोडावर पंचने खूण करावी: कपलिंगचे दोन्ही हब एकमेकांच्या संदर्भात, सीलची झाकणपट्टी कोणत्या बाजूने वर होती, इंजिनच्या प्रत्येक पायाखाली किती शिम (उंची जुळवणारे पातळ पत्रे) होत्या. शिमांची गड्डी पायाच्या क्रमांकासह तारेत ओवून ठेवावी. हे पाच मिनिटांचे काम पुढचे दोन तास वाचवते.

शाफ्टची मोजणी

सुटे केलेले भाग डिझेलने धुऊन, हवा मारून, स्वच्छ कापडावर मांडल्यानंतर पहिले काम मोजणीचे. शाफ्ट बेअरिंगांवर बसलेला असताना डायल गेजचा टोक सीलच्या जागेवर टेकवून हाताने एक फेरी फिरवावी. काट्याची एकूण हालचाल ०.०५ मिलिमीटरच्या आत असावी. त्यानंतर शाफ्टला वर उचलून आणि सोडून पाहावे, मग पुढे-मागे ढकलून पाहावे. वर-खाली हालचाल ०.०५ ते ०.०८ मिलिमीटरपेक्षा आणि पुढे-मागे साधारण ०.१ मिलिमीटरपेक्षा अधिक दिसली, तर सीलकडे वळण्याआधी बेअरिंग बदलावेत.

चौथी मोजणी बहुतेक ठिकाणी वगळली जाते. गेजचा स्टँड शाफ्टवर बांधून त्याचा टोक सीलच्या झाकणपट्टीच्या बैठकीवर, म्हणजे स्टफिंग बॉक्सच्या (शाफ्टभोवती सील किंवा दोरी बसते त्या पोकळीच्या) तोंडावर टेकवावा आणि शाफ्टसोबत गेज फिरवावा. ती बैठक शाफ्टशी काटकोनात नसेल, तर स्थिर चकती तिरपी बसते आणि फिरणाऱ्या चकतीला प्रत्येक फेरीत मागे-पुढे डोलावे लागते. मिनिटाला १,५०० फेऱ्या म्हणजे तासाला ९०,००० वेळा स्प्रिंग दबते आणि सुटते. चकत्या झिजण्याआधीच अशी स्प्रिंग थकते. अशा बैठकीवर बहुधा जुन्या गॅस्केटचा तुकडा, गंज किंवा रंगाचा थर असतो. खरवडताना पृष्ठभागावर ओरखडा पडणार नाही हे पाहावे.

स्लीव्हवर, म्हणजे शाफ्ट झिजू नये म्हणून त्यावर चढवलेल्या नळीवर, नख फिरवून पाहावे. नख खाचेत अडकले, तर स्लीव्ह बदलावी. ग्लँड दोरीच्या (शाफ्टभोवती विणलेली दोरी दाबून पाणी अडवणाऱ्या) पंपावर खोल झिजलेली स्लीव्ह ठेवून नवी दोरी भरणे म्हणजे दोरी वाया घालवणे. ऑइल सीलने बेअरिंगजवळ शाफ्टवर पाडलेली बारीक खाच मात्र शाफ्ट न बदलता निभावून नेता येते. नवे ऑइल सील दोन-तीन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवावे म्हणजे त्याची कड नव्या जागेवर घासेल, किंवा त्या जागी बाजारात मिळणारी पातळ स्टीलची स्लीव्ह चढवावी. ऑइल सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवायची असते. हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

ग्लँड दोरी

गढूळ पाण्यासाठी अनेक ठिकाणी अजूनही ग्लँड दोरीच वापरतात आणि त्यात काही चूक नाही. दोरीचा पंप गळला तरी चालत राहतो, मेकॅनिकल सील गेले की पंप थांबवावा लागतो. दोरीचा आकार मोजून घ्यावा: स्टफिंग बॉक्सचा आतला व्यास ८५ मिलिमीटर आणि स्लीव्हचा ६० मिलिमीटर असेल, तर फरक २५, त्याचा अर्धा १२.५, म्हणून साडेबारा मिलिमीटरची दोरी. जाड दोरी हातोडीने चपटी करून घालण्याची पद्धत टाळावी, कारण तिची वीण तुटते.

दोरी शाफ्टवर अंदाजाने गुंडाळून कापू नये. स्लीव्हच्याच व्यासाच्या लाकडी किंवा पाइपाच्या तुकड्यावर गुंडाळून धारदार चाकूने एकेक रिंग कापावी. जुनी दोरी पूर्ण निघाली पाहिजे. तळाशी राहिलेली एक जुनी, कडक रिंग नव्या सगळ्या रिंगांचे काम बिघडवते. प्रत्येक रिंग सुटी सुटी आत सारून दोन तुकड्यांच्या बुशने दाबावी आणि तिचा सांधा आधीच्या रिंगच्या सांध्यापासून ९० अंशांवर ठेवावा. रिंगांमध्ये लँटर्न रिंग (पाणी शाफ्टभोवती पसरवणारी भोकांची रिंग) असेल, तर तिची जागा फ्लशिंगच्या, म्हणजे आत पाणी सोडण्याच्या, भोकाखाली आली पाहिजे. दोरी दबत जाईल तशी ती आत सरकते, म्हणून सुरुवातीला ती भोकाच्या मध्यापेक्षा थोडी बाहेर राहील अशी ठेवावी. खाणीच्या पाण्यात हे फ्लशिंग बाहेरच्या स्वच्छ पाण्याचेच असावे आणि त्याचा दाब स्टफिंग बॉक्समधील दाबापेक्षा अर्धा ते एक बार अधिक असावा, म्हणजे माती आत न येता स्वच्छ पाणी पंपात जाईल.

ग्लँडचे नट हाताने आवळून सोडावेत. पाना आत्ता लावायचा नाही, त्याची वेळ पंप चालू झाल्यावर येते.

मेकॅनिकल सील

सील बसवण्याआधी शाफ्टची पुढे-मागेची जागा कायमची ठरलेली असली पाहिजे. उघड्या इम्पेलरच्या (पाणी फेकणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या) पंपात इम्पेलर आणि केसिंगमधील अंतर शाफ्ट सरकवून जुळवतात. ते अंतर सील बसवल्यानंतर जुळवले, तर सीलची स्प्रिंग तेवढीच जास्त दबते किंवा सैल होते. म्हणून एकदा पंप सीलविना जोडावा, अंतर जुळवावे, स्टफिंग बॉक्सच्या तोंडाशी स्लीव्हवर बारीक रेघ मारावी, आणि मग पंप उघडून त्या रेघेपासून पुस्तकातील माप घेऊन सीलचा फिरता भाग बसवावा. दोन वेळा जोडणी करण्याचा कंटाळा येतो, हे खरे आहे. कार्ट्रिज सीलमध्ये (सगळे भाग आधीच एकत्र जुळवून आलेल्या सीलमध्ये) हे माप कारखान्यातच ठरवलेले असते. त्यात लक्षात ठेवायचे एवढेच की, सील आवळून झाल्यावर मध्य धरून ठेवणाऱ्या क्लिपा काढून टाकाव्यात आणि त्या न हरवता जपून ठेवाव्यात, कारण पुढच्या वेळी सील सोडताना त्याच परत लागतात.

चकत्यांच्या तासलेल्या पृष्ठभागाला बोट लावू नये. तो पृष्ठभाग एका मायक्रोनपेक्षाही कमी फरकाने सपाट केलेला असतो आणि बोटाचा घाम त्याला पुरेसा त्रास देतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने तो पुसावा. कापसाचा बोळा चालत नाही. तांबड्या मातीच्या पाण्यासाठी कार्बनच्या चकतीपेक्षा सिलिकॉन कार्बाइडवर सिलिकॉन कार्बाइड किंवा टंगस्टन कार्बाइड अशी कडक जोडी टिकते, परंतु कडक जोडीला कोरडे चालणे अजिबात सहन होत नाही.

स्थिर चकती झाकणपट्टीत बसवताना तिच्या ओ-रिंगला पाणी किंवा थोडे साबणाचे पाणी लावून, स्वच्छ कापड मध्ये धरून, दोन्ही अंगठ्यांनी सारखे दाबावे. हातोडी, पाइपचा तुकडा किंवा स्क्रू-ड्रायव्हर यांपैकी काहीही येथे वापरायचे नाही. चकती बसल्यावर तिच्या मागच्या कडेचे अंतर चार ठिकाणी व्हर्नियरने मोजून पाहावे. चारही मापे सारखी आली, तरच ती सरळ बसली आहे.

ओ-रिंगच्या रबराची जात पाहूनच वंगण निवडावे. इपीडीएम रबराला खनिज तेल किंवा ग्रीस लागले, तर ते फुगते आणि सील अडकते. नायट्रिल आणि व्हिटॉन यांना तेलाचा त्रास नाही. पाकिटावर जात लिहिलेली नसेल, तर साबणाचे पाणी वापरावे, ते तिन्हींना चालते. रबरी बेलोचे (घडीदार रबरी नळीचे) सील साबणाच्या पाण्याने सरकते, पण ते पाणी सुकले की बेलो शाफ्टला धरून बसतो, म्हणून एकदा सरकवायला घेतल्यावर मध्येच चहाला जाऊ नये. शाफ्टवर चावीची खाच किंवा पायरी असेल, तर तिच्या धारदार कडा पॉलिश पेपराने मोडाव्यात आणि सील त्यावरून जाईपर्यंत खाचेवर चिकटपट्टी लावावी. ओ-रिंगला तेथे पडलेली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्याला सापडते.

खाणकाम २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये थांबले, तेव्हा कितीतरी पंप महिनोन् महिने उभे राहिले. अशा पंपात चकत्या एकमेकींना चिकटतात, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत चिखल वाळून दगड होतो आणि रबर एका बाजूला बसते. बराच काळ उभा असलेला पंप सुरू करण्याआधी शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. जोर लावूनच फिरत असेल, तर सील उघडून पाहावे. इंजिनचा स्टार्टर मारून ते सोडवण्याच्या नादात कार्बनची चकती फुटते.

हब चढवणे

कपलिंगचा हब शाफ्टवर घट्ट बसत असेल, तर तो गरम करूनच चढवावा. ६० मिलिमीटरच्या बोअरचा स्टीलचा हब खोलीच्या तापमानापेक्षा १०० अंश सेल्सिअस अधिक तापवला, तर बोअर सुमारे ०.०७ मिलिमीटर मोठा होतो, आणि नेहमीच्या घट्ट बैठकीला तेवढे पुरते. तेलाच्या कढईत किंवा इंडक्शन हीटरवर तापवावा. गॅसच्या ज्योतीने एकाच जागी तापवल्यास हब वाकडा होतो. रबरी भाग अर्थातच आधी काढून ठेवावेत. शाफ्टवर हब कोठपर्यंत जायचा ते खडूने दाखवावे, जवळच्या ऑइल सीलपर्यंत उष्णता जाऊ नये म्हणून शाफ्टभोवती ओले फडके गुंडाळावे, आणि जाड हातमोजे घालून एका दमात हब सारावा. अर्ध्यावर अडकला, तर ठोकू नये. पुलरने काढून पुन्हा तापवावा. ठोकण्याचा प्रत्येक फटका बेअरिंगच्या गोळ्यांवर आणि सीलच्या चकत्यांवर पडतो.

चावी खाचेच्या दोन्ही बाजूंना घट्ट आणि वरून थोडी मोकळी असावी. वरून घट्ट बसलेली चावी हबला शाफ्टच्या मध्यापासून एका बाजूला ढकलते, आणि नंतर अलाइनमेंट (दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणणे) कितीही बारकाईने केली तरी कंपन जात नाही.

इंजिनच्या बाजूला एक निराळी काळजी आहे. मोटरचा जोर सलग येतो, इंजिनचा प्रत्येक सिलिंडर पेटला की धक्क्याने येतो, म्हणून इंजिनवरच्या कपलिंगातील रबर त्या पिळाचे धक्के शोषण्यासाठी निवडलेले असते. मोटरच्या पंपावरून काढलेले, दिसायला सारखे कपलिंग इंजिनवर लावू नये. पिन-बुश कपलिंगचे बुश बदलायचे झाले, तर सगळे एकाच वेळी बदलावेत, दोन-तीन नवे बुश उरलेल्या जुन्यांचा भारही स्वतःवर घेऊन लवकर जातात. फ्लायव्हीलवर बसणाऱ्या कपलिंगचे बोल्ट टॉर्क रेंचने, पुस्तकात दिलेल्या आकड्यालाच आवळावेत. शेवटी, दोन हबांमधील फट पुस्तकाप्रमाणे ठेवल्यावर इंजिनचा क्रँकशाफ्ट पुढे-मागे हलवून पाहावा. त्याची मूळची थोडीशी मोकळीक कपलिंग जोडल्यानंतरही शिल्लक असली पाहिजे. ती नाहीशी झाली असेल, तर कपलिंग क्रँकशाफ्टला रेटत आहे आणि इंजिनचे थ्रस्ट बेअरिंग काही दिवसांचेच आहे.

जोडण्यापूर्वी पंपावरील दिशेचा बाण एकदा पाहावा. मोटरच्या दोन वायर बदलून दिशा बदलता येते, इंजिनला ती सोय नाही. आट्यांवर बसवलेला इम्पेलर उलट दिशेला फिरला, तर सुटून केसिंगला जाऊन भिडतो.

अलाइनमेंट

आधी पाय. इंजिनच्या पायांचे सगळे बोल्ट आवळून, एका पायावर डायल गेज लावून त्याचा बोल्ट सोडावा. पाय ०.०५ मिलिमीटरपेक्षा अधिक उचलला गेला, तर तो पाय हवेत आहे आणि त्याखाली तेवढीच शिम हवी. असे चारही पाय तपासावेत. शिमा स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत साधा लोखंडी पत्रा गंजतो, गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, आणि तो फुगून वर्षभरात पाय उचलतो. तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा वापरू नये, हे त्याच कारणाने. एका पायाखाली तीन-चारपेक्षा जास्त शिमा ठेवू नयेत. पातळ पत्र्यांची जाड गड्डी स्प्रिंगसारखी दबते.

पाइपाचा ताणही आधीच पाहून घ्यावा. कपलिंगवर गेज लावून सक्शन आणि डिलिव्हरीच्या फ्लँजचे बोल्ट आवळावेत. काटा ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला, तर पाइप पंपाला ओढत आहे. बोल्ट हाताने आत जाईल अशी फ्लँज जुळली पाहिजे. पहारीने पाइप ओढून बोल्ट घालण्याची पद्धत सर्वत्र दिसते, आणि सगळ्यांचे लक्ष इंजिनच्या शिमांवर असते.

आता गेजचा स्टँड पंपाच्या हबवर बांधावा, एक गेज इंजिनच्या हबच्या कडेवर आणि एक त्याच्या तोंडावर टेकवावा, दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवत चार ठिकाणी वाचन घ्यावे. इंजिन बारिंगच्या (हाताने फिरवण्याच्या) साधनाने हळू फिरवावे आणि नेहमी एकाच दिशेने फिरवावे, कारण कॉम्प्रेशनच्या जागी शाफ्ट परत येतो आणि आकडे चुकतात. गेज धरणारी दांडी स्वतःच्या वजनाने किती झुकते हे आधी एका सरळ पाइपवर मोजून ते वाचनातून वजा-जमा करावे. वर आणि खाली यांची बेरीज उजव्या-डाव्यांच्या बेरजेइतकी आली नाही, तर स्टँड ढिला आहे. आकडे फेकून द्यावेत आणि पुन्हा घ्यावेत.

एक उदाहरण. दुरुस्त केलेले वाचन वर शून्य, खाली अधिक ०.४०, उजवीकडे अधिक ०.४६, डावीकडे उणे ०.०६ आले. दोन्ही बेरजा ०.४०, म्हणजे वाचन विश्वासाचे. गेज एका फेरीत अंतराच्या दुप्पट दाखवतो, म्हणून इंजिन पंपापेक्षा ०.२० मिलिमीटर खाली आणि ०.२६ मिलिमीटर उजवीकडे आहे. तोंडावरचा गेज २०० मिलिमीटर व्यासावर वरची फट खालच्यापेक्षा ०.१२ मिलिमीटर मोठी दाखवतो. म्हणजे इंजिनची मागची बाजू खाली झुकलेली आहे, मीटरमागे ०.६ मिलिमीटर. इंजिनचे पुढचे पाय कपलिंगपासून ३०० आणि मागचे १,३०० मिलिमीटरवर असतील, तर हा तिरपेपणा काढण्यासाठी पुढे ०.१८ आणि मागे ०.७८ मिलिमीटरच्या शिमा घालाव्या लागतील.

आता राहिली खालची ०.२० मिलिमीटर, आणि ती तशीच ठेवावी. इंजिन तापते, थंड पाण्याचा पंप तापत नाही. ओतीव लोखंड दर मीटरला दर अंशाला सुमारे ०.०११ मिलिमीटर वाढते, म्हणून पायापासून क्रँकशाफ्टची उंची ४०० मिलिमीटर आणि तापमानवाढ ५० अंश धरली, तर इंजिन सुमारे ०.२२ मिलिमीटर वर येईल आणि चालू असताना जवळजवळ रेषेत असेल. इंजिन बनवणाऱ्या कंपनीने हा आकडा दिला असेल, तर तोच घ्यावा. थंड इंजिन शून्यावर आणून समाधान मानणाऱ्यांची अलाइनमेंट तासाभरात बिघडते आणि त्याचे कारण त्यांना कधी सापडत नाही. उजवीकडचे ०.२६ मिलिमीटर मात्र जॅकबोल्टने (पाय बाजूला ढकलणाऱ्या बोल्टने) पूर्ण काढावे, कारण बाजूला सरकण्यात उष्णतेचा भाग नसतो. मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या पंपावर चालत्या स्थितीतील फरक ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आत असावा, कपलिंग कितीही लवचिक असले तरी. रबर झेलते, पण सील आणि बेअरिंग झेलत नाहीत.

इंजिन रबरी माउंटिंगवर असेल, तर पूर्ण वजन आणि एक्झॉस्टचा पाइप जोडून एक रात्र बसू द्यावे आणि मगच वाचन घ्यावे.

पहिला तास

कपलिंगवरची जाळी बसवल्याशिवाय इंजिन सुरू करू नये, चाचणीसाठीसुद्धा नाही. पंप पाण्याने पूर्ण भरून सीलच्या पोकळीतील हवा काढावी, फ्लशिंग आधी सुरू करावे, सक्शन पूर्ण उघडावे आणि डिलिव्हरी थोडीशी. मेकॅनिकल सील कोरडे चालले, तर एखाद्या मिनिटात चकत्या तडकतात. इंजिन चार-पाच मिनिटे हळू चालवून मग ठरलेल्या वेगावर न्यावे. मधल्या ज्या वेगाला कपलिंग खडखडते, तेथे रेंगाळू नये.

नव्या मेकॅनिकल सीलमधून सुरुवातीला थोडे थेंब आले, तर ते चकत्या बसेपर्यंत सोडून द्यावेत. तासाभरानंतरही गळत असेल, तर चकत्या सरळ बसलेल्या नाहीत. ग्लँड दोरीचा पंप सुरुवातीला भरपूर गळू द्यावा आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन्ही नट फक्त एक-षष्ठांश फेरा, म्हणजे नटाचा एक पैलू, आवळावेत. ६० मिलिमीटरच्या स्लीव्हवर मिनिटाला ४० ते ६० थेंब पडू लागले की थांबावे. थेंब पूर्ण बंद करण्याचा मोह होतो, विशेषतः देखरेखीला कोणी उभे असेल तेव्हा, पण कोरडी दोरी जळते आणि स्लीव्ह निळी पडते.

दोन तास पूर्ण भारावर चालल्यावर इंजिन बंद करून, तापलेले असतानाच पुन्हा एकदा कपलिंगवर गेज लावावा. ०.२२ मिलिमीटरचा हिशेब खरा निघाला की नाही, ते येथे कळते, आणि फरक निघाला तर शिमा याच वाचनावरून दुरुस्त कराव्यात. तापलेल्या वाचनाचा आकडा जाळीच्या आतल्या बाजूला रंगाने तारखेसह लिहून ठेवावा. जाळीखाली काळी रबराची पूड साठू लागली, तर पुढच्या माणसाला तोच आकडा पहिल्यांदा लागणार आहे.